नौपाडा झाडायचा, राहायचं कुठे?
नौपाड्याचे रस्ते झाडणारे आम्ही. इथलं भाडं मात्र आमच्या पगाराबाहेरचं. बाबासाहेबांच्या नावाची श्रमसाफल्य आवास योजना आहे, पण ती कायम सफाई कामगारांसाठी. 25 वर्षांच्या सेवेनंतर मालकीचं घर! कंत्राटी कामगाराची 25 वर्षं मोजणार कोण? कंत्राटदार बदलला की सेवा पुन्हा शून्यावर. सर्वात कमी दराची निविदा जिंकते, याला म्हणे स्पर्धा. डिझेल स्वस्त होत नाही, ट्रकही नाही. कापली जाते ती मजुरी आणि पीएफ. तिजोरीचे वाचलेले पैसे मग आम्ही दिव्याच्या चाळीत भाडं म्हणून भरायचे. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं लढला, तेव्हा 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुंबईचे 2,700 कंत्राटी कामगार कायम ठरले. म्हणून आम्ही आता जुनी हजेरीकार्डं जमवतोय.