करडईचे भाऊबंद

परभणीच्या काळ्या रानात रब्बीला ज्वारी आणि तिच्या कडेनं करडई, हे मी लहानपणापासून पाहत आलो. कोवळेपणी भाजी, वाढल्यावर कुंपण आणि शेवटी तेल, असा तिचा क्रम. भाजीत आई मुगाची डाळ घालायची, वरून लसणाची फोडणी. पीक निबर झालं की मात्र जवळ जायची सोय नसे. मोकाट जनावरही तिला टाळून जाई. काढणी भल्या पहाटे, दवानं काटे नरमलेले असताना. तरी हाताला फडकं गुंडाळावंच लागे.

तेल देते म्हणून घरात तिची गणती तीळ, जवस, सूर्यफुलाबरोबर. कॉलेजात तिचं बोंड उभं चिरून पाहिलं, तेव्हा एक फूल म्हणतो तो बारीक नळ्यांसारख्या अनेक फुलांचा झुबका निघाला. सूर्यफुलाचं कुळ हेच, पण त्याच्या कडेला असतात तशा पिवळ्या पट्ट्या इथं नाहीत. तीळ तर परक्या कुळातला. तिचा खरा भाऊबंद पडीक रानात काटेरी चेंडू घेऊन उभा असलेला उटकटारा!

लिनिअसनं १७५३ मध्ये तिला 'कार्थॅमस टिंक्टोरियस' म्हटलं. दोन्ही शब्दांत रंगाचा धागा आहे, कारण पाकळ्यांतून कुसुंबी रंग निघतो. पुढं 'कार्थॅमस' या प्रजातीचा पसारा वाढला आणि भाऊबंदकी आली. १९९० मध्ये स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ लोपेझ गोन्झालेझ यांनी वाटणी मांडली; भूमध्य समुद्राकाठच्या काही जाती 'फोनस'सारख्या वेगळ्या प्रजातींत गेल्या. नंतर डीएनएच्या अभ्यासानं काही वाटण्या राखल्या, काही मोडल्या.

हा कागदावरचा खेळ नव्हे. करडईत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. वायव्य भारतातल्या रानटी 'ऑक्सिॲकॅन्था'तही तितक्याच, म्हणून दोघींचा संकर जमतो. दहा जोड्यांच्या जातीशी जमवला, तर संतती वांझ निघते. आमच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी कुसुम' हा वाण काटेरी, तर 'पीबीएनएस ४०' बिनकाटेरी. रोग आणि दुष्काळ सोसणारा पुढचा वाण हवा असेल, तर रानटी नातलगांच्या दारी जावं लागेल.

घाण्याला नात्यागोत्याशी देणंघेणं नसतं, तेल निघालं की झालं. वाण काढणाऱ्याला मात्र सोयरीक कुठं जुळते हे आधी ठाऊक असावं लागतं. कार्थॅमसच्या त्या वाटणीत म्हणूनच परभणीच्या शेतकऱ्याचाही हिस्सा आहे.