मोहाचा दर्प

गेल्या ज्येष्ठात हैदराबादेहून आलेल्या पुतण्याने आदिलाबादच्या आमच्या घरी जांभळांचा गर कुस्करून, त्यात लिंबू, मध आणि काळे मीठ घालून वोडकेचे एक सुरेख पेय सिद्ध केले. "काका, घेऊन तर बघा" या त्याच्या आग्रहास मान देऊन मी ते चाखले आणि मला ते मनापासून आवडले. परंतु उरलेला गर झाकून ठेवलेला तसाच राहिला, आणि पुढे झाकण काढताच जो आंबूस-गोड दर्प आला, त्याने मला आमच्या शेतावरच्या मावशीच्या अंगणात नेले.

मावशी गोंड होती. चैत्रात पहाटे मोहाखाली सडा पडे तो ती वेचून आणी, फुले उन्हात वाळवी, मग मडक्यात भिजत घालून आंबवी आणि चुलीवर चढवी. पहिल्या धारेचे चार थेंब देवाच्या नावाने भुईवर सांडल्याखेरीज ती कोणाच्याही हाती पेला देत नसे.

तेच मडके एका सकाळी आबकारीच्या शिपायांनी फोडले. मावशी एक शब्द बोलली नाही. खापऱ्या वेचीत राहिली.

मोहाच्या मद्यावरचा हा सरकारी हात जुना. निजामाच्या अमदानीत आबकारीचा कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ चा; गुत्त्यांचे लिलाव होत आणि महसूल सरकारजमा होई. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे खुद्द मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध आले होते. १९४० साली जोडेघाटास निजामाविरुद्ध लढणारे गोंड पुढारी कोमरम भीम धारातीर्थी पडले ते जल, जंगल, जमीन यांसाठी. त्या घोषणेत मडक्याचा उल्लेख नाही, पण जंगल म्हटले की मोह आलाच.

वोडका धान्याची असो वा बटाट्याची, गाळून गाळून तिला स्वतःचा गंध उरू द्यायचा नाही, म्हणजे ज्या फळाशी गाठ पडेल त्याची ती होते, हा तिचा गुण मी मान्य करतो. परंतु जिला दुसऱ्याच्या गंधावाचून गत्यंतर नाही तिची बाटली शिक्कामोर्तबाने दिवाणखान्यात यावी आणि जिच्या अंगी फुलाचा गंध उपजतच आहे तिचे मडके अंगणात फुटावे, हा न्याय मला अद्याप पटलेला नाही. मध्यप्रदेशाने मोहाच्या मद्यास अलीकडे वारशाचा मान दिला, हे वाचून आनंद झाला. त्या खापऱ्या मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मोहाची ओढ माझ्या थोरल्या बहिणीलाही; ती किनवटास दिलेली. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके आमच्या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, आणि एकाच रानातल्या मोहाला दोन सरकारे लाभली. बहिणीचे सासर दारूला न शिवणारे. तरीही वाळल्या मोहफुलांवर तिचा जीव, आणि उटनूरकडे आदिवासी बायका मोहाचे लाडू करतात हे ऐकल्यापासून ती कृती विचारते आहे. तिचा स्वतःचा अंदाज असा की, फुले आधी नीट निवडून, केसर काढून, मंद आचेवर भाजावीत आणि तीळ सढळ हाताने घालावेत. गूळ घालावा की नाही, यावर आमचे फोनवर अजून एकमत झालेले नाही.