नोंदवहीतील खरे नाव

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा विचार करू लागलो की अलीकडचा एक बदल ठळकपणे नजरेत भरतो. शिक्षक, पोलीस, परिचारिका, ग्रामसेवक ही पदे आपल्या मुलांनी पूर्वीपासून मिळवली. आता मात्र लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, गोवा येथील सुट्टीच्या बंगल्यांवर आणि होमस्टेंवर काम करणारी आपली मुलेमुली वाढत आहेत. कोणी केअरटेकर आहे, कोणी स्वयंपाकघर सांभाळतो, कोणी हाउसकीपिंगमध्ये आहे. त्यांतील अनेकांना एक पायरी वर चढायची आहे. मालक मुंबई-पुण्यात, पाहुणे मोबाइलवरून आरक्षण करणारे आणि मधला सारा कारभार पाहणारा तो व्यवस्थापक. तिकडे त्याला प्रॉपर्टी मॅनेजर म्हणतात. त्या पदासाठी रेझ्युमे लागतो आणि तो कसा लिहावा हे विचारायला मुले इतिहासाच्या शिक्षकाकडे येतात. वरवर पाहता हे विचित्र वाटेल. परंतु मुक्कामाची जागा, तिचा रखवालदार आणि त्याची नोंदवही यांचा इतिहास आपल्या समाजाइतका क्वचितच कोणी सोसला असेल.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी आणि लंडनमधील अभ्यास त्यांच्या गाठी होता. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. अखेर एका पारशी विश्रामगृहात, तेथील रखवालदाराच्या संमतीने, नोंदवहीत पारशी नाव लिहून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे स्वतः नमूद केले आहे. वर्गात हा प्रसंग शिकवताना मी मुलांचे लक्ष त्या नोंदवहीकडे वेधतो. एवढ्या विद्वानाला रात्रीच्या निवाऱ्यासाठी खोटे नाव लिहावे लागले. आज तशीच नोंदवही आपल्या मुलांच्या हाती येत आहे.

हे काम हलके आहे, असा समज घराघरांत आढळतो. ‘शिकून सवरून दुसऱ्याच्या बंगल्याच्या किल्ल्या सांभाळतो,’ असे आईवडीलही बोलून जातात. त्यांनी विनयपिटकातील स्थविर दब्ब मल्लपुत्त यांची कथा आठवावी. अर्हत्पद प्राप्त झाल्यावर त्यांनी संघाच्या सेवेसाठी कोणते काम मागून घेतले? आलेल्या भिक्खूंची निवासव्यवस्था लावण्याचे. सुत्तांचे पठण करणाऱ्यांना ते एकत्र ठेवत, विनयाचा अभ्यास करणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना निवांत जागी. रात्री उशिरा आलेल्यांना ते बोटाच्या तेजाने वाट दाखवत आणि मंच कोठे, पिण्याचे पाणी कोठे, शौचस्थान कोठे, येण्याजाण्याच्या वेळा कोणत्या, हे सर्व समजावून सांगत. निवासव्यवस्था करणाऱ्यांत भगवंतांनी त्यांना अग्रस्थान दिले. आजचा चांगला व्यवस्थापक पाहुणा दारात आल्यावर नेमके हेच करतो.

आता मूळ विषय. गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने आपला रेझ्युमे मला दाखवला. वरच्या अर्ध्या पानावर वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती. त्याखाली ‘मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे’. अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ: केअरटेकर, सहा वर्षे.

मी म्हणालो, “शुक्रवारी सकाळपासून सोमवारपर्यंत काय काय करतोस ते सांग.”

“सर, त्यात सांगण्यासारखं काय आहे?”

सांगू लागला तेव्हा वहीची दोन पाने भरली. टाकीतले पाणी आणि इन्व्हर्टर तपासणे, चादरी-टॉवेल मोजून धोब्याकडे देणे व मोजून घेणे, दोन संकेतस्थळांवरून एकाच तारखेची दोन आरक्षणे होऊ नयेत म्हणून तक्ता ठेवणे, ओळखपत्रे तपासणे, परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत नोंदणी कार्यालयास कळवणे, मोडतोड पाहून अनामत परत करणे, गळक्या छपरासाठी कारागीर आणणे. मालक वर्षातून चारदा येत होते. म्हणजे हा मुलगा सहा वर्षे व्यवस्थापकच होता. त्याच्या कागदाला तेवढे ठाऊक नव्हते.

म्हणून पहिला नियम असा की विशेषणे काढावीत आणि कामे लिहावीत. ‘प्रामाणिक’ हा शब्द कोणीही लिहितो. ‘अनामत रकमा व रोजच्या खर्चाचा हिशेब ठेवून दरमहा मालकास पाठवला’ हे वाक्य प्रामाणिकपणाचा पुरावा देते.

दुसरा नियम आकड्यांचा. किती खोल्या, एका वेळी किती पाहुणे, हाताखाली किती माणसे, संकेतस्थळावर पाहुण्यांनी दिलेले गुणांकन किती, हे लिहावे. चार खोल्यांच्या घरात तीस दिवसांच्या महिन्यात १२० खोली-रात्री उपलब्ध असतात. त्यांपैकी ७८ भरल्या तर भरणा ६५ टक्के. मालकाला सर्वांत आधी हाच आकडा पाहायचा असतो. आकडा वहीतून काढलेलाच असावा. चौथे शील रेझ्युमेलाही लागू आहे आणि मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला फुगवलेला आकडा उघडा पडतो.

तिसरी गोष्ट वसतिगृहाची. आपली मुले भोजनमंत्री, स्वच्छतामंत्री असतात. कोठीतील धान्य मोजतात, आजारी मुलाला रात्री दवाखान्यात नेतात, पालकांच्या मेळाव्याला सतरंज्यांपासून जेवणापर्यंत सारे पाहतात. नवख्या उमेदवाराने हे संकोच न करता लिहावे. अनेक अनोळखी माणसे एका छपराखाली सुखाने कशी राहतील, हे शिक्षण आपण त्यांना दहा वर्षे दिलेले असते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. मजकूर एक किंवा दोन पाने. सर्वांत अलीकडचे काम आधी. जाहिरातीत जे काम मागितले आहे ते आपल्या अनुभवात असल्यास वरच्या ओळीत. आधी मराठीत नीट मांडावे, मग सोप्या इंग्रजीत आणावे. ज्यांचे नाव संदर्भासाठी द्यायचे, त्यांना आधी विचारावे.

आता नावाचा प्रश्न. त्याच मुलाने विचारले, “सर, आडनाव गाळून गावाचं नाव लावू का?” हा प्रश्न निराधार नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक आडनावाचा होता. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश आढळली. चांगला रेझ्युमे हा भेद पुसून टाकील, असे मी कोणाला सांगणार नाही. त्यासाठी कायदा आणि संघटित लढा लागतो.

तरीही मी त्याला सांगितले की धर्म व जातीचे रकाने काढून टाक, कारण खाजगी नोकरीच्या अर्जात त्यांचे काम नाही. जिथे आरक्षणाचा हक्क आहे तिथे प्रमाणपत्र अभिमानाने जोड. आडनाव मात्र आहे तसे ठेव. बडोद्याच्या नोंदवहीत खोटे नाव लिहावे लागले ती सक्ती होती. ती सक्ती मोडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या लेकरांनी आपल्या हाताने तेच पान पुन्हा लिहू नये. नकार देणाऱ्याला कामातील उणीव दाखवता येऊ नये, इतका कागद भक्कम कर आणि एका जागेसाठी न थांबता दहा ठिकाणी पाठव.

आपल्या जिल्ह्यातही हे काम वाढू शकते. लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, शेगाव आणि सिंदखेडराजाला माणसे येतातच आणि अजिंठ्याची लेणी आपल्या सीमेलगत आहेत. तेथील विहारांत भिक्खू वर्षावासाला राहत. आतिथ्याची ती परंपरा या मातीला नवी नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. जे या क्षेत्रात स्थिरावले आहेत, त्यांनी वर्षातून निदान एका धाकट्या भावंडाचा रेझ्युमे ओळ न ओळ वाचून दुरुस्त करावा आणि रिकाम्या जागेची बातमी शाळेला कळवावी. इतरांच्या मुलांसाठी हे काम त्यांच्या ओळखीपाळखीचे लोक करत असतात. आपल्या मुलांसाठी ते आपल्यालाच केले पाहिजे.

जय भीम!