खोटं कात्रण आणि पांढऱ्या टोपीवाला माणूस

मतदानाच्या आदल्या रात्री पावणेबाराला फोन वाजला. आमच्या प्रभागातल्या अपक्ष उमेदवार ताई होत्या. "दादा, तुमच्या पेपरात माझ्याबद्दल असं कसं काय छापलं?"

मी म्हटलं, काय छापलं? त्यांनी व्हॉट्सॲपवर कात्रण पाठवलं. वर आमच्या पेपरचं नाव, खाली ताईंचा हसरा फोटो आणि मथळा असा की त्यांनी समोरच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केलाय. अशी बातमी आम्ही छापलेलीच नव्हती.

कात्रण बनावट आहे हे मला मिनिटभरात कळलं. कशावरून? अक्षरांवरून. पेपरचं नाव खरं होतं, ते आमच्या पीडीएफमधून उचललेलं. पण मथळ्यातला 'ल' दंडाचा होता आणि 'श' गाठीचा, म्हणजे हिंदी वळणाचा. मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहितात. आमचा पेपर पहिल्यापासून श्रीलिपीत लागतो, त्यात असले 'ल', 'श' येतच नाहीत. दुसरं, छापील कात्रणाचा फोटो मोठा करून बघितला की चित्रात शाईचे बारीक ठिपके दिसतात, मागच्या पानाची अक्षरंही थोडी उमटलेली असतात. इथे अक्षरं स्वच्छ, धारदार होती आणि मागे जुनाट कागदाचं चित्र अंथरलेलं. ताईंच्या कानामागचे केस तर कात्रीने कापल्यासारखे सरळ!

मी लगेच त्यावर लाल अक्षरांत 'बनावट' लिहून सगळ्या ग्रुपवर टाकलं. पण तोवर ते कुठल्या कुठे गेलं होतं. सकाळी मतदान केंद्राबाहेर लोक ताईंनाच विचारत होते, "काय हो, बसलात म्हणे?" ताई पडल्या. त्या कात्रणामुळेच पडल्या असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. तक्रार दिलीय, तपास चालू आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचं कारण वेगळं आहे. ते आज सांगतो.

पत्रकारितेची पदविका झाल्यावर मला पहिली नोकरी बातमीदाराची मिळाली नाही, डीटीपी ऑपरेटरची मिळाली. एका साप्ताहिकात. पेजमेकर, कोरल, फोटोशॉप, सगळं तिथेच शिकलो. प्रेसमध्ये खिळ्यांच्या जमान्यातले एक जुळारी होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांना माऊस धरता येत नव्हता, पण बटर पेपरवरची प्रिंट लांबून बघून सांगायचे, "तिसऱ्या ओळीत शब्द फाकलेत." मोजलं की खरंच फाकलेले असायचे. वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते का, रफार योग्य अक्षरावर बसलाय का, शिरोरेषा मध्येच तुटलीय का, हे बघायची सवय मामांनी लावली. मंगल हा कॉम्प्युटरवरचा फॉन्ट र. कृ. जोशी नावाच्या मराठी माणसाने, कवी आणि सुलेखनकाराने केलाय, हे मला फार पुढे कळलं. अक्षराच्या मागे माणूस असतो हे मात्र मामांमुळे आधीच माहीत होतं.

फोटोशॉप शिकवायला कोणी नव्हतं. चुकत चुकत शिकलो. आणि २००६ च्या पावसाळ्यात ते पाप केलं.

एका पुढाऱ्याची मंगल कार्यालयात सभा होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. साप्ताहिकाला त्यांची जाहिरात होती. मालक म्हणाले, "जरा गर्दी भर." मी क्लोन स्टॅम्प घेतला आणि पुढच्या रांगेतली माणसं मागे बसवली. अर्ध्या तासात सभागृह हाऊसफुल्ल! मला स्वतःचं कौतुकच वाटलं. अंक निघाल्यावर एक निवृत्त गुरुजी ऑफिसात आले, पान उघडलं आणि बोट ठेवत म्हणाले, "हा पांढऱ्या टोपीवाला गृहस्थ तीन ठिकाणी बसलाय. तिकीट किती काढली त्याने?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना लाज वाटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बैरुतच्या एका फोटोत बाहेरच्या छायाचित्रकाराने असाच क्लोन करून धूर वाढवला होता. रॉयटर्सने त्याचे सगळे ९२० फोटो संग्रहातून काढून टाकले. माझं काय झालं? पुढच्या महिन्यात पगार वाढला.

मग फोटोत हात घालणंच वाईट का? तसंही नाही. पुढे मी स्वतःचं छोटं डीटीपी सेंटर चालवत होतो तेव्हा एक आजी आल्या. आजोबा वारले होते आणि दोघांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता. आजोबांचा रेशनकार्डासाठी काढलेला फोटो आणि आजींचा नातीच्या लग्नातला, असे दोन जोडून मी एक केला. दोघांवरचा उजेड एका बाजूने आणायला दोन रात्री गेल्या. आजींना माहीत होतं की हा फोटो जोडलेला आहे. घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यात फसवणूक कोणाचीच नव्हती.

माझ्या मते रेष इथेच आहे. बघणाऱ्याला माहीत असेल तर ती कला. बातमी म्हणून खपवलं तर ती लबाडी. चौकातल्या फ्लेक्सवर एकच कोट सात नेत्यांच्या धडाला असतो, त्यावर आपण हसतो आणि पुढे जातो. पेपरच्या नावाखाली तेच केलं तर लोक विश्वास ठेवतात. तो विश्वास ज्यांनी कमावला, त्यात माझाही थोडा वाटा आहे, आणि तो घालवण्यातही आहे. झोप लागली नाही ती म्हणून. ते कात्रण करणारा पोरगा कोण, मला माहीत नाही. पण त्याचं वय आणि हाताची हौस मला चांगली माहीत आहे.

आज गल्लीगल्लीत तीन महिन्यांचा कोर्स मिळतो. बॅकग्राऊंड कसं काढायचं, चेहरा कसा बदलायचा ते शिकवतात. कुठे बदलायचा नाही, ते शिकवत नाहीत. आता तर मोबाईलला नुसतं लिहून सांगितलं की फोटो तयार. त्यात टोपीवाला तीनदा दिसेलच असं नाही. म्हणून नुसतं डोळ्यांवर विसंबू नका. कात्रण आलं की त्या दिवसाचा अंक उघडा, नाहीतर पेपरच्या माणसाला फोन करा. आमचे नंबर गावात कोणाकडे नाहीत?

येत्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा, आपल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये शिकवायला बसणार आहे. अक्षरं, पानाची मांडणी, फोटोशॉप, आणि खोटं कसं ओळखायचं. फी नाही. कॉलेजची पोरं तर याच, पण फ्लेक्सवाल्यांनीही या आणि सगळ्या पक्षांच्या सोशल मीडियावाल्यांनीही या. पहिल्या दिवशी २००६ चा तो अंक घेऊन येतोय. टोपीवाला शोधून दाखवा, चहा माझ्याकडून.