तण म्हणून उपटलेली भाजी

जुलैतल्या एका रविवारी आमच्या वसाहतीत साफसफाईचा कार्यक्रम होता. पुढाकार आमचाच. मुलांनी कुंपणालगतचे तण उपटून ढीग लावला. आमची सत्तरी ओलांडलेली आई त्या ढिगापाशी बसली आणि कोवळे शेंडे खुडून पदरात टाकू लागली.

"आजी, कचरा आहे तो. लोक बघतात," आमचा धाकटा म्हणाला.

"कचरा नाही रे बाळा, तांदुळजा हाय. ह्याच्यावर तुझा बाप वाढला."

आम्ही मान खाली घातली. कारण हेच आईला पस्तीस वर्षांपूर्वी आम्हीही बोललो होतो.

आई दुसऱ्यांच्या कपाशीत खुरपणीला जाई. तांदुळजा, काटेमाठ मालकाच्या लेखी तण. दिवसभर ते उपटायचे आणि सांजच्याला त्यातलेच ओटीत भरून घरी आणायचे. मजुरी आठवड्याने मिळे, भाजी मात्र रोजची. लसूण-मिरचीची फोडणी आणि ज्वारीची भाकरी. शाळेत डबा उघडला की मुले हसत, "ढोराचा चारा!" मग आम्ही डबा झाकून, भिंतीकडे तोंड करून खाऊ लागलो. एके दिवशी तर आईला म्हणालो, "असली भाजी आणू नकोस." ती काही बोलली नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाईला आम्ही काय शिकवणार होतो!

उपवासाला लोक ज्या राजगिऱ्याचा लाडू मानाने खातात, तो याच माठाच्या कुळातला. एका भावंडाला देवघरापर्यंत मान आणि दुसऱ्याच्या नशिबी खुरपे! वास्तविक या पानांत लोह आहे, कॅल्शियम आहे, 'अ' जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य आहे.

आता बऱ्याच शेतांत खुरप्याऐवजी तणनाशक आले. बायांची मजुरी गेली आणि ओटीतली भाजीही गेली. माठ मात्र सहज हटणारा नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 2005 साली त्याच्याच एका जातभाईने ग्लायफोसेट या तणनाशकालाही दाद दिली नाही.

भगिनींनो, ही भाजी जरूर करा, पण ओळखीची असेल तरच खुडा. काटेमाठाच्या पानाच्या बेचक्यात काट्यांची जोडी असते, म्हणून कोवळे शेंडेच घ्यावेत. फवारलेल्या रानातली, गटाराकाठची घेऊ नये. उकळून पाणी टाकून द्यावे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

त्या दिवशी आम्ही आईशेजारी बसून भाजी निवडली. पस्तीस वर्षांपूर्वीच्या बोलण्याची माफी मागितली. आई म्हणाली, "मला आठवत बी नाही." तिला आठवत होते, हे आम्हाला कळले.

रात्री धाकट्याने दोनदा भाजी मागून घेतली. कुंपणालगतचा एक वाफा यंदा आम्ही तसाच राखला आहे.