तळ्यांच्या काठाकाठानं

बीरगावात बघण्यासारखं काय आहे, असं विचारलं की बीरगावकर आधी हसतात आणि मग रायपूरकडे बोट दाखवतात. त्यांचंही काही चुकत नाही. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे गाव वाढलं ते उरल्याच्या कारखान्यांमुळे. पुढं सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या भट्ट्या. इथं तुळशीला पाणी घालण्याआधी माझी मावशी ओल्या फडक्यानं तिची पानं पुसते आणि फडकं काळं होतं. गच्चीवर पांढरा कपडा वाळत घालायचा नाही, हे नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात कळतं. आता गावाला स्वतःची महानगरपालिका आहे. रावांभाठ्यात बंजारी मातेचं देऊळ आहे, नवरात्रात तिथं गर्दी मावत नाही. पण पाहुणा आला की त्याला शहर दाखवायचं ते रायपूरचं.

"इथं काय ठेवलंय?" मावशी म्हणाली. "मरीन ड्राइव्ह बघून ये."

समुद्र शेकडो मैल लांब, तरी रायपूरला मरीन ड्राइव्ह आहे. तेलीबांधा तळ्याच्या काठाला लोकांनी ते नाव दिलंय आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण मला हवा होता किल्ला. परगावी गेलेल्या मराठी माणसाची ही जुनी खोड. गाव पाहायचं म्हणजे आधी तटबंदी, बुरूज, दरवाजा, आणि त्या दरवाज्यात उभं राहून "इथं आपलं राज्य होतं" असं एकदा म्हणायचं. रिक्षावाल्याला किल्ल्याचं विचारलं. तो म्हणाला, "किला तो नइये भैया, तरिया हवय." किल्ला नाही, तळं आहे.

किल्ला होता मात्र. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे: राजा भुवनेश्वर सिंहानं 1460 साली बांधला. त्याच्या अंगाला बुढा तलाव. आक्रमकाला अडवायला पाण्याचा असा विचार करणारा राजा शहाणा म्हणायचा. पण काळानं तट नेला आणि पाणी ठेवलं. पुढची सगळी भटकंती म्हणून तळ्यांच्या काठानंच झाली. रायपूर बघायचं तर मान वर करून बघण्यात अर्थ नाही, खाली पाण्याकडे बघावं लागतं, हे मला तेव्हा पटलं आणि अजूनही पटतंय.

बुढा तलाव सर्वांत जुना, किल्ल्याच्याच वयाचा. पूर्वी त्याचा विस्तार जवळजवळ एक चौरस मैल होता असं जुन्या नोंदी सांगतात. आता काठावर उभं राहिलं की पलीकडची दुकानं दिसतात, इतका तो आत आत येत गेलाय. मधल्या बेटावर विवेकानंदांचा बसलेला भव्य पुतळा आहे, आणि सरकारी दप्तरात तळ्याचं नाव विवेकानंद सरोवर. त्याला कारणही आहे. 1877 साली विश्वनाथ दत्तांनी आपलं कुटुंब कलकत्त्याहून इथं बोलावलं तेव्हा त्यांचा मुलगा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, चौदा वर्षांचा होता. रायपूरला रेल्वे नव्हती. नागपूरपर्यंत गाडीनं आणि पुढं रानातून बैलगाडीनं, दोन आठवड्यांहून अधिक काळ. दोनेक वर्षं हे कुटुंब बुढापाऱ्यात राहिलं. शहरात त्याच्याजोगी शाळा नव्हती, म्हणून वडीलच घरी शिकवत आणि वाद घालायला लावत. ज्याला पुढं शिकागोत भाषण करायचं होतं त्याची शाळा या तळ्याकाठी बुडाली, हे मला पुतळ्यापेक्षा जास्त भावलं.

महाराजबंध तळ्याकडे गेलो ते मात्र 'आपलं' शोधायलाच. जवळच रामचंद्राचं देऊळ आहे, बिंबाजी भोसल्यांनी 1775 मध्ये बांधलेलं. बिंबाजी म्हणजे नागपूरकर पहिल्या रघूजींचा मुलगा. मराठी शाळेत आम्ही शिकलो त्या इतिहासात भोसल्यांचे घोडे नागपूरहून निघत आणि एकदम बंगालात उगवत. मधला मुलूख नकाशावर असे, धड्यात नसे. तो मधला मुलूख म्हणजे हा छत्तीसगड. 1741 मध्ये भास्करराम कोल्हटकर ओरिसाकडे जाताना रतनपूरवर चालून आले. तिथला म्हातारा कलचुरी राजा रघुनाथ सिंह पुत्रशोकात होता, त्यानं फारसा प्रतिकार केला नाही, आणि त्याच्या राजधानीवर दंड बसवून फौज पुढं निघून गेली. पुढं बिंबाजी 1758 पासून 1787 पर्यंत रतनपुरात राहिले आणि तिथंच वारले. त्यांच्याविषयी इथले लोक बरं बोलतात. त्यांच्यानंतर नागपूरहून नेमलेले सुभेदार आले, आणि त्यांच्याविषयी कुणी काही बोलत नाही. परगणे पाडले, कमाविसदार नेमले, वसुली चोख झाली. नागपुरात बसून बघितलं तर ही उत्तम व्यवस्था. शेतातून बघितली तर ती कशी दिसत असेल, याचा विचार मी त्या देवळाच्या पायरीवर बसून पहिल्यांदा केला. "इथं आपलं राज्य होतं" हे वाक्य तोंडाशी आलं होतं ते तिथंच विरलं. राजधानी रतनपूरहून रायपुरात आणली ती मात्र मराठ्यांनी नव्हे. 1818 नंतर कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती गेला तेव्हा हा बदल झाला.

मराठ्यांची एक खूण मात्र डोळे भरून पाहावी अशी आहे. दूधाधारी मठात भिंतींवर मराठाकाळातली चित्रं आहेत. तांबडा आणि हिरवा रंग अजून टिकून आहेत. पालखी, पगड्या, कमरेचे शेले इतके ओळखीचे की वाईच्या एखाद्या वाड्यातून उठून इथं आल्यासारखे. चित्र काढणाऱ्याला पगडीचा पेच नीट माहीत होता, हत्ती मात्र त्यानं बहुधा दुरून पाहिला असावा. मठाचं नाव ज्या साधूवरून पडलं तो म्हणे केवळ दुधावर राहायचा. कमाविसदारांच्या मुलखात हा बेत परवडणारा होता.

किल्ला नाही, पण माणसं राहिली. तात्यापारा नावाची वस्ती आहे, चौबे कॉलनीत 1935 पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, आणि बुढा तलावाजवळ माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा. सप्रे घरात मराठी, पण त्यांनी आयुष्य वाहिलं हिंदीला. जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्यासारख्या आडगावातून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं. वामनराव लाखे त्यांच्या पाठीशी उभे होते. तीन वर्षांत मासिक बंद पडलं. पण टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदी वाचकांपर्यंत गेले ते सप्र्यांच्या हातून. 1926 मध्ये ते रायपुरातच वारले. भोसल्यांचे सरदार इथून काय घेऊन गेले याचा हिशेब दप्तरात आहे. सप्र्यांनी दिलं त्याचा हिशेब कुणी मांडत बसलेलं नाही. शाळेच्या फाटकाशी घंटा झाल्यावर पोरं ज्या हिंदी-छत्तीसगढीत भांडत होती, ती ऐकून सप्र्यांना वाईट वाटलं नसतं.

जयस्तंभ चौकात थांबायला जागा नाही, पण थांबायला हवं. 10 डिसेंबर 1857 रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना रायपुरात फाशी दिलं. आदल्या वर्षी दुष्काळ पडला होता. कसडोलच्या सावकाराचं कोठार फोडून त्यांनी धान्य गावकऱ्यांत वाटलं, आणि तसं त्यांनी स्वतः डेप्युटी कमिशनरला लिहून कळवलं. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. दोन्ही सरकारांच्या वहीत धान्याचा हिशेब असे, भुकेचा नसे. सिग्नल हिरवा झाला की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतो आणि तुम्ही पुढं सरकता.

शहराच्या ऐन पोटात कंकाली तलाव आहे. चारही बाजूंनी दगडी बांधणीचा, महंत कृपालगिरींनी सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, मध्ये पाण्यात महादेवाचं छोटं देऊळ. शेजारच्या कंकाली मठाचं दार वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतं. आत नागा साधूंची जुनी शस्त्रं आहेत, त्या दिवशी त्यांची पूजा होते. मी गेलो तेव्हा दसरा नव्हता. बंद दारासमोर एक बाई सुकवलेल्या लाल मिरच्यांची पाटी मांडून बसली होती. तिच्याकडून मिरच्या घेतल्या. मावशीला हव्याच होत्या.

सगळीच तळी अशी नशीबवान नाहीत. रजबंधा नावाचं तळं होतं, आता त्याचं मैदान आहे आणि तिथं वर्तमानपत्रांची कचेरी-वस्ती. तळ्यांवरच्या अतिक्रमणाच्या बातम्या तिथंच छापल्या जात असतील. म्हणून तेलीबांध्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात त्याचा राग धरायचं मी सोडून दिलं. पाणी तर राखलंय. संध्याकाळी तिथं कणसं भाजतात, पोरं सेल्फी काढतात, म्हातारे फेऱ्या मारतात. नाव काही का असेना.

छत्तीसगडात तळ्याचं लग्न लावतात. सिलतऱ्याच्या वाटेवर एका खेड्यात मी तो खांब पाहिला. तळ्याच्या बरोबर मध्ये, पाण्यातून वर आलेला लाकडी खांब, त्यावर एक बगळा. लग्न लागलं, खांब उभा राहिला, मग पाणी वापरात घ्यायचं. तळ्यात लाकूड का उभं केलं असेल, हे तेव्हा मला नुसतं गमतीचं वाटलं होतं. त्याचं खरं वजन कळलं ते घडी चौकाजवळच्या महंत घासीदास संग्रहालयात.

हे संग्रहालय 1875 सालचं, राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी उभं केलेलं. पहिली अष्टकोनी इमारत अजून आहे. आताच्या इमारतीचं उद्घाटन 1953 मध्ये राजेंद्रप्रसादांनी केलं. सिरपूरच्या कांस्यमूर्ती बघायला लोक येतात आणि त्या आहेतच तशा: इतक्या नाजूक बोटांचे बुद्ध मी दुसरीकडे पाहिले नाहीत. पण मी अडकलो एका लाकडापुढं. काळपट, भेगाळलेलं, सरपणात टाकलं तर कुणी दोनदा बघणार नाही असं. हा किरारीचा काष्ठस्तंभ. 1921 मध्ये दुष्काळात किरारी गावचा हिराबांध तलाव आटला. लोक तळातला गाळ शेतात न्यायला उपसू लागले तेव्हा हा खांब निघाला, ब्राह्मी अक्षरं कोरलेला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. इथं भोसल्यांची खूण शोधत आलेल्या मला भेटला तो सातवाहनांच्या काळातला खांब, म्हणजे पैठणच्या गादीचा समकालीन.

कोरलेल्या मजकुरात ना स्तुती ना वंशावळ. आहे ती कामावरच्या माणसांची यादी. नगररक्षक, सेनापती, प्रतिहार म्हणजे द्वारपाल, गणक म्हणजे हिशेबनीस, भांडागारिक म्हणजे कोठीवाला, हत्तीवाला, घोडेस्वार, स्वयंपाकघराचा अधिकारी, सुगंधी द्रव्यं बघणारा, गायींच्या खिल्लारांवरचा, निरोप पोचवणारा. कुठल्याशा मोठ्या समारंभाला हजर असलेल्यांची ती नोंद असावी असं जाणकारांना वाटतं. मला ती पगारपत्रकासारखी वाटली. उरल्यातल्या रोलिंग मिलच्या फाटकावर मावसभावाचं नाव ज्या हजेरीपटावर असतं, त्याच जातकुळीची.

पाण्याखाली चिखलात ते लाकूड सुमारे अठराशे वर्षं धड राहिलं. बाहेर काढून उन्हात ठेवलं आणि सुकता सुकता त्याचे पापुद्रे सुटले, त्यांबरोबर अक्षरंही गळायला लागली. तज्ज्ञ पोचेपर्यंत बरीचशी गेली होती. आज त्या खांबावर नुसत्या डोळ्यांना दिसतात ती थोडीच. तरी यादी आपल्याला कळते, कारण गावातल्या एका पंडितानं अक्षरं गळण्याआधी कागदावर उतरवून घेतली होती. त्याला ब्राह्मी वाचता येत नव्हती. काना, वेलांटी, फाटा, जे जसं दिसलं तसं त्यानं गिरवलं, एकही रेघ स्वतःच्या समजुतीनं सुधारली नाही, आणि त्याच्या त्या नकलेवरून पुढं विद्वानांनी ती माणसं एकेक करून ओळखून काढली.