पांढऱ्यावर काळं

बारामतीकराला पांढरा ढीग म्हटला की साखर आठवते. माळेगावला साखर, सोमेश्वरला साखर, इंदापूर तालुक्यात शिरावं तर भवानीनगरला साखर. आणि आमच्याकडचा उतार म्हणाल, तर सायकलचे पायडल मारायचे थांबलात की सायकलही थांबते. अशा सपाट मुलखात वाढलेल्या माझ्या भाच्याने "काश्मिरात बर्फावरून घसरणाऱ्यांचे फोटो काढणार" असं जाहीर केलं, तेव्हा आमची आक्का एवढंच म्हणाली, "घसरणारी माणसं बघायला इतक्या लांब कशाला? आपल्या मोरीशी उभा राहा."

फोटोचा नाद त्याला इंदापूर तालुक्यातच लागला. भिगवणच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पहाटे होडीत बसून दात वाजवायचे आणि थवा उडाला की दोन क्षणांत काय ते टिपायचं. मीही एकदा गेलो होतो. तो थव्यावर नजर ठेवून होता, मी डब्यावर.

पण पक्षी पुन्हा येऊन बसतात. गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर ती सोय नाही. बारामती जेमतेम साडेपाचशे मीटरांवर. तिथे रोपवेचा पाळणा तुम्हाला जवळजवळ चार हजार मीटरांवर नेऊन सोडतो. मग आखलेली वाट सोडायची आणि कुणाचं पाऊल न उमटलेल्या भुसभुशीत बर्फात शिरायचं. एक गडी खाली गेला की कोऱ्या पानावर रेघ उठली. "जरा हललात, पुन्हा या" म्हणायला ते काही लग्नातले फोटो नव्हेत! म्हणून अमुक खडकाशी वळायचं हे आधी ठरवतात आणि कॅमेरा तिथेच रोखून धरतात. त्यात एवढं पांढरं पाहून कॅमेराही गांगरतो आणि बर्फ राखेच्या रंगाचं काढतो. त्याला मुद्दाम जास्त उजेड द्यावा लागतो.

एका सुट्टीत त्याची पिशवी उघडली, तर कॅमेऱ्याशेजारी फावडं.

"अरे, तिथे काय पाटाचं पाणी धरायचंय?"

"मामा, सोबती गाडला गेला तर उकरायला. पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती हातात असतात."

"आणि तू गाडला गेलास तर?"

"त्याच्या पिशवीत फावडं असतं ना!"

म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या पिशवीत. आक्काने हे ऐकलं आणि तिच्या हातातली पोळी तव्यावर करपली.

पुढचं ऐकून तर मीही गप्प झालो. कडक थंडीत बर्फाचा थर पातळ असला, की तळाच्या बर्फाचे सुटे दाणे होतात. एकमेकांना न धरणारे, अगदी साखरेसारखे. इंग्रजीत त्याला 'शुगर स्नो'च म्हणतात! वर नवं बर्फ साचतं. सांडलेल्या साखरेवर पाट मांडून पाहुण्याला बसवावं, तसा तो प्रकार. उतार तीस अंशांच्या वर असला, तर एका माणसाच्या भारानेसुद्धा पाट सुटतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमस्खलनात सतरा जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले.

गेल्या हिवाळ्यात त्याने घरी एक फोटो पाठवला. निळं आभाळ, खाली पांढराशुभ्र उतार. माणूस नाही, रेघ नाही, पांढऱ्यावर काळं काहीच नाही.

मी फोनवर विचारलं, "यात घसरणारा कुठाय?"

"कुणी उतरलंच नाही, मामा. खड्डा खणून पाहिला, तर तळाला साखर होती. परत फिरलो."

भाच्याचे बरेच फोटो आक्काकडे आहेत. हवेत उडालेले गडी, मागे बर्फाचा फवारा, पाहणाऱ्याचा श्वास अडकावा असे. ते सगळे कपाटात आहेत. दिवाणखान्यात तिने लावलाय तो हा कोरा फोटो. आल्यागेल्याला कळत नाही. परवा एकाने तर "भिंतीला नवा चुना छान बसलाय" म्हणून तारीफ केली.

आक्काने त्याच्या चहात साखर जरा जास्तच घातली.